तीन अस्तरांचा पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. कधीकाळी निळा होतो, आता राखाडीकडे झुकलोय. जन्मभर एका जागी लटकून राहायचं काम, त्यामुळे स्वभाव थोडा झोपाळू आहे. सांगता सांगता मध्येच डुलकी लागली, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म ज्या खोलीत झाला, तिथंच मी आजही आहे. ही खोली शिवणकाम करणाऱ्या एका बाईची. गल्लीत सगळे तिला टाकेताई म्हणतात, कारण तिनं घातलेला टाका कधी उसवत नाही. खोलीला एकच मोठी खिडकी आणि खिडकीखाली तिचं पायमशीन. त्याच मशीनवर तिनं मला शिवलं. तेव्हा मी पातळ सुती होतो. सकाळचं ऊन माझ्यातून गाळून आत यायचं आणि मशीनच्या चाकावर, कात्रीवर, तिच्या मनगटावर सांडायचं. ती गुणगुणत शिवायची आणि मी वाऱ्यावर हलत, अर्धवट झोपेत ऐकत राहायचो. त्या दिवसांची आठवण झाली, की अजून माझ्या चुण्या सैल होतात.

पण पहिल्याच हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं, की दिवस आखडले की टाकेताईही आखडते. मशीन थांबत थांबत चालायचं. दुपारी ती पलंगावर पडून भिंतीकडे बघत राहायची. गुणगुणणं तर कुठल्या कुठे गेलं. थंडी सरली की पुन्हा पहिल्यासारखी.

तिचा नवरा बस चालवतो. दिवसभर गार काचेसमोर बसणारा माणूस, त्याला सगळ्या दुखण्यांचं मूळ थंडीत दिसायचं. तो म्हणाला, "तुला गारठा बाधतो. या खिडकीचा बंदोबस्त केला पाहिजे." आणि त्यानं माझ्या पाठीला जाड अस्तर लावून घेतलं. पुढच्या हिवाळ्यात दुसरं लागलं. तिसऱ्या वर्षी तिला मशीनवर बसवेना, म्हणून सुट्टीच्या दिवशी जुनं घोंगडं घेऊन तो स्वतःच शिवायला बसला. जीभ दातांत धरून, एक टाका पूर्वेला, तर दुसरा पश्चिमेला. टाकेताईनं ते बघितलं आणि म्हणाली, "छान झालंय."

टाकेताईनं वाकडे टाके बघून छान म्हणावं, याहून मोठी धोक्याची खूण नव्हती. पण ती ना त्याच्या लक्षात आली, ना माझ्या. मी तर फुशारून गेलो होतो. येणारी गिऱ्हाइकं मला हात लावून म्हणायची, "पडदा असावा तर असा." ऊन रोज सकाळी यायचं, माझ्या पाठीला टेकायचं आणि निघून जायचं. मला वाटायचं, मी तिला सांभाळतोय. खोलीत सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं एकाच रंगाचं झालं होतं, आणि त्या रंगात आम्ही दोघंही पेंगत होतो.

त्याच हिवाळ्यात तिची धाकटी बहीण लग्नाच्या पोशाखाचं कापड ठेवून गेली. बहीण दवाखान्यात नर्स आहे. "दुसऱ्या कुणाचा टाका माझ्या अंगावर नको," असं बजावून गेली होती. कापड टेबलावर तसंच पडून राहिलं. महिन्यानं ती परत आली आणि दारातच थबकली.

"ताई, अकरा वाजलेत सकाळचे. दिवा कशाला लावलायस?"

"अंधारच असतो गं." टाकेताई उठून बसली. "तुझ्या कापडाला हात लावला की रडू येतं. काय करू? आळशी झालेय मी."

"दर हिवाळ्यात होतं ना हे? आळस काय थंडी बघून येतो?" बहीण तिच्याशेजारी बसली. "आमच्याकडे एक समुपदेशक बाई आहेत. त्यांच्याशी बोलायचं. मी येते बरोबर."

"लोक काय म्हणतील?"

"कुणी चष्मा लावला तर आपण काय म्हणतो?"

टाकेताईनं टेबलावरच्या कापडाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "आणि पोशाख?"

"पोशाख गेला खड्ड्यात. मला माझी बहीण हवीय."

त्यावर टाकेताई खूप रडली. त्याच आठवड्यात ती समुपदेशक बाईंकडे गेली. मग दर गुरुवारी जाऊ लागली. तिसऱ्या खेपेनंतर नवऱ्याला म्हणाली, "उजेड कमी झाला की पुष्कळ जणांना असं होतं म्हणे. डॉक्टरांनाही दाखवायला सांगितलंय. आणि त्या बाईंनी विचारलं, तुम्ही बसता तिथं ऊन कुठून येतं? मी म्हटलं, येतच नाही."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच केलं हे?"

"दुखणं तुम्ही नाही आणलं. तुम्ही ऊबच आणलीत. ते काय आहे, हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिनं मला मांडीवर घेतलं आणि छोट्या कात्रीनं उसवायला सुरुवात केली. मला वाटलं, संपलो आता. आधी नवऱ्याच्या वाकड्या टाक्यांची पाळी आली. ती एका टाक्यापाशी थांबली. "हा टाका आहे की तुमच्या बसचा मार्ग?" असं म्हणून ती हसली. किती महिन्यांनी ऐकलं मी ते हसू! तिन्ही अस्तरं निघाली. मला पुन्हा टांगलं आणि सकाळी ऊन माझ्यातून आरपार गेलं. मी इतका हलका झालो होतो, की मला ते स्वप्नच वाटलं.

ऊन आलं आणि सगळं बरं झालं, असं मात्र समजू नका. कित्येक सकाळी तिला उठवत नसे. गुरुवार मात्र तिनं चुकवला नाही. पोशाख तयार झाला, पण खालच्या काठाला कच्चेच टाके राहिले. टाकेताईच्या हातचे कच्चे टाके! "आत्ता एवढंच जमतंय," ती म्हणाली. बहीण त्याच काठानिशी लग्नात मिरवली.

त्याला आता बरेच हिवाळे झाले. मी विटलोय, कडेला विरलोय, माझं कौतुक कुणी करत नाही. अजूनही दिवस आखडू लागले की ती जरा मंदावते. पण आता ती आधीच समुपदेशक बाईंकडे जाऊन येते. आणि रोज सकाळी मला बाजूला सारून घोंगड्याच्या एका पट्टीनं खुंटीला बांधते. त्या पट्टीवर नवऱ्याचे चार वाकडे टाके आहेत. ते तिनं मुद्दाम उसवले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दिवसांबरोबर आखडत असेल, तर त्याला ऊब द्याच, पण काय होतंय तेही विचारा. आणि ते तुम्हीच असाल, तर कुणाला तरी सांगा. मला बाजूला सारताना संकोच करू नका, मला मुळीच राग येत नाही. आज बाहेर कडाक्याची थंडी आहे. सकाळी तिला उठवेना, म्हणून कामावर निघण्याआधी नवऱ्यानंच मला खुंटीला बांधलं. आत्ता दहा वाजलेत. ऊन मशीनच्या चाकापर्यंत आलंय, ती उठून स्टुलावर बसली आहे आणि सुईत दोरा ओवते आहे.