चौदाव्या परिच्छेदातला कांदा

सहीसाठी पेन उघडलं आणि चौदाव्या परिच्छेदापाशी वकीलबाईंचा हात थांबला. ‘प्रतिवादीने कराराचा भंग केलेला नाही. कांदा मंद आचेवर ठेवावा, घाई करू नये.’

त्यांनी कपाळाला हात लावला. हे उत्तर चार वाजता कोर्टात दाखल व्हायचं होतं आणि तीन वाजून गेले होते.

“काका, हे काय?”

“तुम्ही ‘घेऊ नका’ म्हणाला नाहीत,” टंकलेखक काका म्हणाले. “म्हणून घेतलं.”

चूक बाईंचीच होती. कोर्टातून परतताना गाडीत त्या मजकूर रेकॉर्ड करायच्या. मध्येच एखादी पाककृती सुचली की ‘हे घेऊ नका’ म्हणून तीही बोलून टाकायच्या, आणि ‘आता घ्या’ म्हणून पुन्हा खटल्यावर यायच्या. काल थकव्यानं ते म्हणायचं राहिलं. काकांचं काम म्हणजे माशीला माशी. बावीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या मनाचा स्वल्पविरामही घातला नव्हता.

खरं तर गॅसपाशी निवांत उभं राहून बाईंना पाच महिने झाले होते. स्वयंपाक उरला होता तो तेवढा गाडीतला. रविवारही ऑफिसातल्या मोठ्या साहेबांच्या मीटिंगांनी गिळले. आज सकाळीच त्यांनी मन घट्ट करून नणंदेला सांगितलं होतं, माझी पातेली घेऊन जा, नुसती धूळ खातात. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना रडू आलं होतं.

काकांनी पान बदलून आणलं. सही झाली, कागद गेले. काका दारातच घुटमळले.

“मॅडम, रागावणार नसाल तर सांगतो. ते ‘घेऊ नका’वालं मी वेगळं घेतो.”

“कशाला?”

“घरी लागतं. ऑपरेशन झाल्यापासून हिची अन्नावर वासनाच नाही. तुमचं गाजराचं सूप तेवढं पोटात जातं. मला कुठं काय येतंय? तुम्ही बोलता तसं करतो.”

त्यांनी एक फाइल पुढे केली. पाककृतींना रीतसर परिच्छेद, रीतसर क्रमांक. सुपाचा तिसरा परिच्छेद मात्र ‘लसूण’ या शब्दावर तुटला होता.

“तेव्हा तुम्हाला साहेबांचा फोन आला. लसूण कधी घालायचा ते राहिलं. मी आपला घालतच नाही. ती म्हणते, विचारा तरी एकदा.”

बाई आठवू लागल्या. कांद्याबरोबर? की गाजर शिजल्यावर? त्यांचा उजवा हात टेबलावर ढवळल्यासारखा फिरला. आठवेना. त्या मनातून हादरल्या.

“उद्या सांगते, काका. करून बघावं लागेल.”

काका गेल्यावर त्यांनी नणंदेला फोन लावला.

“ताई, निघालात का? बाकीची न्या. मधलं पातेलं तेवढं राहू द्या.”