राणीला तहान लागली

"राणीला तहान लागली!" अप्पा ओरडले आणि त्यांनी डॅशबोर्डवर बोटांनी ताल धरला.

व्हॅन चालवणारी छोटी खळखळून हसली. छोटी म्हणजे काही आता छोटी नव्हती. दोन कॉलेजात जाणाऱ्या मुलांची आई, केसांत पांढरी बट, आणि शाळेची व्हॅन चालवून चालवून आवाज असा कमावलेला की हॉर्न बिघडला तरी तिचं काही अडलं नसतं. पण घरातलं शेंडेफळ, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आणि राणी? राणी म्हणजे अप्पांची जुनी निळी गाडी. ती भंगारात जाऊन जमाना लोटला होता. पण छोटीच्या डोक्यात ती अजून धावत होती, आणि मुख्य म्हणजे अजून थांबत होती!

दर सुट्टीत सगळे समुद्राकाठी आत्याकडे निघायचे. पुढे अप्पा आणि दादा, मागे आई आणि छोटी. चढ आला की राणी तापायची, बॉनेटमधून वाफ यायची आणि अप्पा अस्सं ओरडायचे. मुलं साथ द्यायची. मग रस्त्याच्या कडेला मुक्काम! राणीला पाणी, मुलांना लिंबाच्या गोळ्या. अप्पा उकडलेलं अंडं दादाच्या कपाळावर फोडायचे आणि "डोकं पक्कं आहे, गणितात का कच्चं?" असं विचारायचे. एरवी घरात अप्पांच्या चपला वाजल्या तरी मुलं पुस्तकात डोकी खुपसायची. रस्त्याच्या कडेला मात्र तेच अप्पा शीळ वाजवायचे. छोटीचं बालपण कुणी मागितलं असतं, तर तिने घर दाखवलंच नसतं, हे थांबे दाखवले असते.

म्हणून तर आजचा घाट घातला होता. आत्या आजारी होती, "एकदा येऊन जा" म्हणाली होती. नव्या रस्त्याने झर्रकन पोचता आलं असतं. पण छोटीने शाळेला सुट्टी बघून मुद्दाम जुना रस्ता धरला. अप्पा-आईला सगळं पुन्हा दाखवायचं, एकेक थांबा, अगदी तस्साच!

"हातपंप इथेच होता ना?" अप्पांनी मान बाहेर काढली. तिथे आता टायरचं दुकान होतं. "गेला वाटतं. काय पाणी होतं त्याचं! राणी घटाघटा प्यायची."

"आणि तुम्ही माझ्या मानेवर गार हात लावायचात," छोटी म्हणाली.

"तू किंचाळायचीस. सगळे पंपावरचे लोक बघायचे."

आई मागच्या सीटवर होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, नजर बाहेर. निघाल्यापासून ती चार वाक्यं बोलली असेल तर शपथ.

"आई, पाणी पी ना. बाटली तुझ्या बाजूलाच आहे."

"नको. पुढे बघू."

"देऊ नकोस गं तिला!" अप्पा खिदळले. "टाकी लहान आहे तिची. मग आपलं थांब रे, थांब रे!"

छोटीच्या तोंडून आपोआप गाणं निघालं, इतकं ते जिभेवर बसलेलं होतं. "आईची टाकी एवढीशी, गाडी थांबते घडीघडीशी!" हे काव्य तिचं स्वतःचं, वय वर्षं सात. अप्पांनी तेव्हा तिला खांद्यावर घेतलं होतं. अख्ख्या नात्यागोत्यात ते गाणं गाजलं होतं.

आरशात तिने आईकडे पाहिलं. आई हसली. म्हणजे ओठ हलले.

छोटीच्या व्हॅनचा एक नियम होता. शाळा सुटली, पोरं भरली, की किल्ली फिरवायच्या आधी ती मागे वळून विचारायची, "जाऊन यायचंय कुणाला? आत्ता सांगा, लाजायचं नाही!" एखादं पोरगं हमखास हात वर करायचं. बाकीच्यांनी फिदीफिदी केलं की छोटी डोळे वटारायची. त्यावरून शाळेत तिचं फार कौतुक होतं. आज निघताना तिने विचारलं नव्हतं. आई काय लहान होती?

"आता नदी!" अप्पा म्हणाले. "नदीची गोष्ट सांग."

"तुम्ही सांगा, मी मधे मधे घालते."

ही गोष्ट म्हणजे घरचा खजिनाच. एका सुट्टीत पुलाशी राणी तापली. अप्पांनी बॉनेट उघडलं. आणि एरवी गाडीतून पाय खाली न टाकणारी आई दार उघडून उतरली, एक शब्द न बोलता उतारावरून तरातरा गेली, आणि कपड्यांसकट सरळ नदीत जाऊन बसली!

"कंबरभर पाण्यात!" अप्पा म्हणाले.

"चपलांसकट!"

"मी वरून ओरडलो, अगं, वेड लागलं का?"

"आणि ही आपली हसतेय! मग मी उडी मारली, दादाने उडी मारली..."

"आणि मी! मीसुद्धा! बूट काढून." अप्पांचे डोळे ओलावले. "काय दिवस होते. तुझी आई तेव्हा अशी होती बघ. आता काय, तोंडातून शब्द काढायचा तर पकड लावावी लागते."

छोटीने ही गोष्ट नवऱ्याला सांगितली होती, मुलांना सांगितली होती, व्हॅनमधल्या पोरांना तर इतक्यांदा की "मग मी उडी मारली" हे पोरंच कोरसमध्ये म्हणायची. नवऱ्याशी भांडण झालं, घरात काही बिनसलं, की ती मनातल्या मनात त्या नदीत जाऊन बसायची. आपली आई एकदा तरी इतकी मोकळी हसली होती, हा तिचा मोठा आधार होता.

पूल आला. छोटीने व्हॅन कडेला घेतली. नदी रोडावली होती, पण पाणी होतं.

अप्पांनी फोन काढला. गुडघ्यांमुळे त्यांना उतार जमणार नव्हता, म्हणून ते कठड्यालाच टेकले. "जा, तशीच बस पाण्यात! फोटो काढतो. दादाला पाठवू."

"मी नाही बसणार," आई म्हणाली.

"आता काय लाजतेस? म्हातारी झालीस. कोण बघतंय?"

आई उतारावरून खाली निघाली. छोटी तिचा हात धरून मागोमाग. काठाशी एक सपाट खडक होता, त्यावर आई टेकली.

"चल ना आई, घोट्यापर्यंत तरी. अप्पांचं मन राखायला."

"आजवर दुसरं काय केलं गं मी?"

आवाज चढलेला नव्हता. तरी छोटीला कसंसंच झालं. तिने सारवासारव केली. "असं काय करतेस? केवढी मजा आली होती त्या दिवशी!"

"तुला आली."

"तुलाही! हसत होतीस की."

"लांबून तसं दिसलं असेल." आईने पाण्याकडे पाहिलं. "मी का गेले असेन गं नदीत? कधी विचार केलास?"

"उकडत होतं. लहर आली."

"मला? लहर?" आता आई खरंच हसली, आणि ते हसू छोटीला मुळीच आवडलं नाही. "सकाळपासून धरून ठेवलं होतं मी. हातपंपाशी थांबलो, तर तिथे पुरुषांचा हा घोळका. उघडेबंब आंघोळ करत होते. तुम्ही लोक कुठेही आडोशाला जायचात. मी कुठे जाऊ? चढाच्या पायथ्याशी यांना म्हटलं, जरा थांबवा. हे म्हणाले, आत्ताच तर थांबलो होतो, जरा धर की. थोड्या वेळाने परत म्हटलं. तर तुम्ही गाणं सुरू केलंत."

"ओठ गच्च मिटून बसले होते. आणि मग तो खड्डा आला. पुलाच्या अलीकडचा. राणी आदळली, आणि..." आईने हात नुसता हलवला. "झालं."

छोटीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली.

"पुलाशी गाडी थांबली ती राणीसाठी, माझ्यासाठी नाही. उतरावं तर कपडे मागून ओले. दादा मोठा झाला होता, त्याला सगळं कळलं असतं. पलीकडे दोन ट्रक उभे. समोर काय, तर नदी. गेले. सगळीच भिजले, म्हणजे प्रश्न मिटला. तुम्ही उड्या मारल्यात ते फार बरं झालं. नाहीतर एकटी ओली कशी बाहेर आले असते?"

"चला की आता!" वरून अप्पा ओरडले. "ऊन पडलंय तोवर!"

छोटीने वर पाहिलं नाही. "अप्पांना माहीत नाही ना हे?" तिने विचारलं. माहीत आहे म्हणू नकोस, असं तिला ओरडावंसं वाटत होतं.

"सांगितलं ना. आत्याकडे पोचलो, त्याच संध्याकाळी. म्हटलं, पुढच्या वेळेपासून मी म्हटलं की थांबवत जा."

"मग?"

"माझ्याखाली टॉवेल असायचा. हे म्हणाले, टॉवेल होता ते बरं. सीट वाचली."

तो टॉवेल छोटीला लख्ख आठवला. सीट तापते म्हणून आई टॉवेल घालून बसते, असं तिला वाटायचं. तिनेही एकदा हट्ट केला होता, मलाही हवा टॉवेल. आईने दिला नव्हता.

"हळूहळू त्यांनी या सगळ्याची गोष्ट केली. चारचौघांत सांगायला लागले. पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं, वाटलं, आत्ता गप्प होतील. पण ते हसतच होते. मग तूही सांगायला लागलीस. म्हटलं, असू दे. पोरीला आवडतेय."

"तू मला तरी सांगायचंस!"

"आणि काय झालं असतं?"

छोटी आपल्याच नदीच्या काठावर उभी होती आणि नदी तिची राहिली नव्हती.

दोघी वर आल्या. अप्पा कुरकुरले, "एक फोटो मागितला तर केवढा तोरा! छोटे, तू तरी उडी मारायची."

छोटीने व्हॅन सुरू केली. अप्पांनी आणखी दोन थांबे ओळखले, एका ठिकाणी शीळही वाजवली. कुणी साथ दिली नाही. मग तेही खिडकीबाहेर बघत बसले.

रस्ता शेतांमधून सरळ पुढे गेला होता. ना झाड, ना झुडूप. छोटीने आरशात पाहिलं. आई पाय आवळून बसली होती.

"आई," छोटी म्हणाली. "जाऊन यायचंय तुला?"

"नको. पुढे..." आई अडखळली. पर्सवरची बोटं घट्ट झाली. "हो."

"आलंच की आता!" अप्पा म्हणाले. "पुढे पेट्रोलपंप आहे, अर्ध्या तासावर. तिथे चांगली सोय आहे. इथे काय उघड्यावर..."

छोटीने करकचून ब्रेक दाबला.

"अगं, इथे कुठे थांबवतेस? आडोसा तरी आहे का?"

ती उतरली. मागचं दार उघडून तिने आईला हात दिला. मग मागच्या लांब सीटचं कव्हर धरलं आणि ओढलं. ते निघेना. नवंकोरं, चोपून बसवलेलं. तिने पाय रोवून हिसका दिला. शिवण टर्रकन उसवली.

"छोटे! नवीन कव्हर आहे ते! मातीत लोळेल!" अप्पाही खाली उतरले होते.

"तिकडे तोंड करा, अप्पा."

"काय?"

"तिकडे. शेताकडे तोंड करून उभे राहा."

या आवाजात ती अप्पांशी जन्मात कधी बोलली नव्हती. अप्पांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि ते शेताकडे वळले. हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पाठमोरे ते अचानक फार लहान दिसायला लागले. छोटीला त्यांची दया आली आणि त्या दयेचा राग आला.

कव्हरचं एक टोक तिने उघड्या दाराच्या कडेत अडकवलं, दुसरं टोक हातात धरून हात ताणला आणि आईकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं. कव्हर वाऱ्याने फडफडलं. तिने पायाने खालची कड दाबून धरली.

एक ट्रक आला. ड्रायव्हरने वेग कमी केला, मान वळवली. छोटीने त्याच्या डोळ्यांत डोळे घातले. ट्रक पुढे निघून गेला. मागून एक मोटार आली, तीही गेली.

"झालं का?" अप्पांनी शेताकडे बघतच विचारलं. "किती वेळ?"

"लागेल तेवढा."

हात भरून आला होता. धुरळा डोळ्यांत जात होता. पाठीमागून आईचा हलका आवाज आला, "झालं गं."

छोटीने मान डोलावली. हात मात्र खाली घेतला नाही. कव्हरच्या आड आई आपले कपडे नीट करत होती. सावकाश, एकेक चुणी सारखी करत. समोरून आणखी एक ट्रक येत होता. छोटीने कव्हर आणखी ताणून धरलं.