अक्काकडचा फाटा

आठवडाभर आमच्या चिरंजीवांनी मला काय काय नाही दाखवलं! धरण दाखवलं, किल्ला दाखवला, मगरी दाखवल्या. मगरीत काय बघायचं असतं कोण जाणे, सगळ्या मेल्यासारख्या पडल्या होत्या. पण मी एका शब्दाने कुरकुरले नाही. कारण निघतानाच मी एक गोष्ट मागून घेतली होती. वाटेत अक्काकडे अर्धा तास थांबायचं. बाकी मला खुशाल मगरीशेजारी बसवा.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनेच घातल्या आणि माझं लग्नही तिनेच लावून दिलं. आता ऐंशी ओलांडली, खुब्याचं हाड मोडलं, सगळी धाव खाटेपासून दारापर्यंत. परत दिसेल न दिसेल, हे मलाही ठाऊक आणि तिलाही. फोनवर आम्ही दोघी तेवढं सोडून बाकी सगळं बोलतो.

जाताना फाटा आला तेव्हा चिरंजीव म्हणाले, "येताना जाऊ, आई. शेवटच्या दिवशी निवांत." बरं बाबा, येताना.

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी अंघोळ उरकून तयार. अक्कासाठी जांभळा स्वेटर विणला होता, तो पिशवीत वरच ठेवला. मागच्या सीटवर बसून आठवडाभर तेवढंच काम केलं. पुढे आमच्या सूनबाई. त्यांना गाडी लागते. रोज सकाळी उलटीची गोळी खायची आणि मान टाकून दिवसभर घोरायचं, ही त्यांची सहल. निघण्याआधी मी अक्काला फोन करून सांगितलं, "दुपारपर्यंत पोचतेच."

हॉटेलात नाश्त्याला बसलो तर चिरंजीवांच्या कपाळाला आठी. अंधाराच्या आत घर गाठायचंय, उद्या ऑफिस आहे, हे सतरांदा सांगून झालेलं. मग काय मनात आलं कोण जाणे, उठला, स्वतः पाण्याचा ग्लास आणला आणि तळहातावर गोळी धरली.

"आई, तुझी बीपीची. तुझ्या डबीतून काढून आणलीय."

माझा चष्मा पिशवीत होता. पण पोटच्या पोराच्या हातची गोळी, ती काय चष्मा लावून बघायची? गिळली. जिभेवर जरा कडू लागली. वाटलं, चला, शेवटच्या दिवशी का होईना, पोराला आईची आठवण झाली. सूनबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालेही, "काही लोकांच्या हे ध्यानातसुद्धा येत नाही." त्या पर्समध्ये काहीतरी उचकत होत्या. मान वर केली नाही.

गाडीत बसल्याबसल्या मी नातीला, चिंगीला, बजावलं, "सिमेंटच्या कारखान्याचं उंच धुरांडं दिसलं की मला सांगायचं. तिथून डावीकडे अक्काआजी." आणि उरलेल्या लोकरीची टोपी विणावी म्हणून सुया काढायला पिशवीत हात घातला तर हातच उचलवेना. मी दिवसा झोपणारी बाई नव्हे हो. घरी सगळे दुपारचे लवंडतात तेव्हा मी कपाटं आवरते. पण त्या दिवशी मान काही सरळ राहीना.

गाडी गचकन थांबली तेव्हा जाग आली. सूनबाई दार उघडून रस्त्याच्या कडेला ओकत होत्या. माझ्या तोंडाला कोरड, डोकं भणभणलेलं. बाहेर पाहिलं तर आमच्या शहराचा टोलनाका समोर.

"चिंगे, धुरांडं?"

"ते कधीच गेलं, आजी. मी उठवत होते तुला. बाबा म्हणाले, झोपू दे."

"गाढ झोपली होतीस," चिरंजीव म्हणाले. "उठवणं माझ्या जिवावर आलं."

केवढी ती माया! मी तोंड उघडणार तेवढ्यात सूनबाई तोंड पुसत आल्या. चेहरा पांढराफटक.

"अहो, उलटीची एक गोळी मी आजच्यासाठी जपून ठेवली होती. सकाळपासून शोधतेय. ती घेतली असती तर मीही आईंसारखी..."

आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मी पिशवीतून माझी डबी काढली. आजच्या वाराच्या खणात बीपीची गोळी जशीच्या तशी.

चिरंजीव खाली उतरून टायर बघायला वाकले. टायर चांगला होता.

"आईला शेंडी लावलीस?" मी म्हटलं. "सरळ नाही म्हणायचंस! मी भांडले असते, रडले असते, नाहीतर एकटी बसने गेले असते. गुंगी देऊन न्यायला मी काय पिसाळलेलं कुत्रं आहे?"

"अर्धा तास म्हणतेस, आणि दोघी भेटलात की दोन-दोन तास उठत नाही. मग जेवूनच जा म्हणून तिचा आग्रह. अंधारात गाडी मला चालवायची असते, आई. जरा समजून घे ना."

"गाडी वळवा," सूनबाई म्हणाली. आठवडाभर जिला मी टोमणे मारले, ती.

"आता? इथून? वेड लागलंय का? आई, पुढच्या महिन्यात खास तुला घेऊन जातो. शप्पथ."

माझा जीव तळतळला. पण त्यावर काही बोलायच्या आत माझा फोन वाजला. अक्काच.

"कुठवर आलीस गं? मी दारातच खुर्ची टाकून घेतलीय. ही पोरं आत चल म्हणतात, पण मी हलत नाही. तू आधी मलाच दिसली पाहिजेस."

खरं कोणत्या तोंडाने सांगायचं? ज्याला तिने मांडीवर खेळवलं, त्याला दोन तास जड झाले म्हणून?

"अक्का, आत जाऊन पड. मला गाडी लागली बघ. सारख्या उलट्या. नाही जमत यायला."

"तुला? आणि गाडी लागली? अगं, ट्रकच्या मागे बसून पेरू खात जायचीस तू!"

"म्हातारी झाले आता."

मग अक्का म्हणाली, "बरं. पोरगा आहे ना जवळ? काळजी घेतोय ना?"

"घेतो की."

फोन ठेवला. चिरंजीवांचा जीव भांड्यात पडला. "थँक्स, आई," म्हणाले. मोठ्या लगबगीने माझ्या डबीतली गोळी काढली, बाटलीचं झाकण उघडलं आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"ही राहिलीय तुझी. घेऊन टाक, बीपी वाढेल."

मी पिशवीत हात घातला. स्वेटर बाजूला सारला, चष्मा काढला, लावला. त्याच्या तळहातावरची गोळी उचलून उजेडात धरली. एका बाजूने पाहिली, उलटून दुसऱ्या बाजूने पाहिली, तिच्यावरची अक्षरं वाचली. तो बघत होता. मग गिळली.