लारियनची काडतुसं, उल्यानाचं मनगट

मित्रांनो, मी एक जुना सहाबारी रिव्हॉल्व्हर आहे. माझी चकरी आता फिरत नाही. मला हलवले की नळीतून गंजाची लाल भुकटी सांडते. बंदूक म्हटली की तुम्हाला चोर-शिपायांचा खेळ आठवत असेल. पण मला आयुष्यात कोणी माणसावर रोखले नाही. उत्तरेच्या थंड समुद्रातल्या कोडियाक बेटावर मला विकत घेतले ते अस्वलांच्या भीतीने.

माझा जन्म इथून फार दूर, एका कारखान्यात झाला. तापलेले पोलाद ठोकून, कातून, भोके पाडून माझे अंग घडले. शेवटी एका चष्मेवाल्या बाईने माझी चकरी बोटाने फिरवली, सहा वेळा खटखट ऐकली आणि मान हलवली. तेवढे कौतुक घेऊन मी खोक्यात बंद झालो.

खोके उघडले ते बेटावरच्या ऑगस्ट नावाच्या दुकानदाराकडे. मला उचलणारा माणूस होता लारियन. गावातलाच, बेटाच्या मूळच्या अलुटिक लोकांपैकी, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. उन्हाळाभर तो नदीवर राहून सरकारी खात्यासाठी सामन मासे मोजायचा. पात्रात आडवे काठ्यांचे कुंपण, मध्ये एक फट आणि त्या फटीतून वर जाणाऱ्या प्रत्येक माशाची नोंद. जिथे सामन तिथे अस्वले. कुंपण दुरुस्त करताना दोन्ही हात पाण्यात असतात आणि लांब बंदूक काठावर राहते. म्हणून छातीवर बांधता येईल असा मी त्याला हवा होतो.

"गोळ्या कुठल्या देऊ?" ऑगस्टने विचारले. "या बघ, टोकाला खळगा असलेल्या. आत शिरल्या की फुलासारख्या उमलतात. शहरात पोलीस हेच वापरतात."

"पोलिसांना अस्वल पकडायला धाडतात का रे?" लारियन म्हणाला. "आधी चार बोटं चरबी, मग मांस, मग खांद्याचं हाड. तुझं फूल चरबीतच उमलून बसायचं. मला न उमलणारी दे. कडक शिशाची, जड, बोथट तोंडाची. मुकाट आत जाणारी."

त्या दिवसापासून माझ्या सहा घरांत तीच काडतुसे राहू लागली, तीही दारू गच्च भरलेली. पहिल्याच सरावात एक गंमत झाली. माझा दणका एवढा मोठा, की तिसऱ्या बाराला पुढच्या काडतुसातली गोळी सैल होऊन बाहेर सरकली आणि चकरी अडली. लारियन घाबरला नाही. तो परत दुकानात गेला आणि खोकी उघडून एकेक काडतूस न्याहाळत बसला. ज्यांच्या पितळेची कड गोळीवर घट्ट दाबलेली होती तीच त्याने निवडली.

"अंडी निवडतोयस का?" ऑगस्ट वैतागला.

"अंडं फुटलं तर दुसरं उकडता येतं," लारियनने उत्तर दिले.

एकोणीस उन्हाळे मी त्याच्या छातीवर होतो. रोज संध्याकाळी तो मला पुसून तेल द्यायचा. एकदाच खरी वेळ आली. झुडपातून एक मोठा नर सरळ अंगावर आला. लारियनने दोन बार काढले. दुसरी गोळी खांद्याचे हाड फोडून खोल गेली आणि अस्वल त्याच्या बुटांपासून तीन पावलांवर कोसळले. गावाने मला हातोहात फिरवले. मी फुशारलो. लारियन मात्र आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. "त्यालाही मासेच हवे होते," एवढेच तो एकदा म्हणाला.

मग एका शिशिरात होडीच्या दोरात सापडून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. खात्याने मोजणीचे काम त्याच्या मुलीला दिले. उल्याना तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. आठ वर्षे तिने मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात थंड पाण्यात मासे साफ केले होते. तिची मनगटे त्या कामाने झिजलेली होती. सकाळी चहाचा पेला उचलतानाही ती दोन्ही हात लावायची. बापाने मला तिच्या छातीवर बांधले आणि मदतीला स्वतःही तिच्याबरोबर नदीवर जायचे ठरवले.

सरावाला त्यांनी फळी उभी केली. पहिल्या बाराला तिचे हात डोक्यावर उडाले. दुसरी गोळी झाडांत गेली. तिसऱ्यानंतर तिने मला खाली ठेवले आणि मनगट पोटाशी धरले.

"बाबा, हे मला पेलत नाही."

"माझ्या मुलीला पेलत नाही?" लारियन हसला. "होते सवय. मलाही झाली."

"तुमचं मनगट आणि माझं सारखं आहे का? आठ वर्षं काय करत होते मी?"

"मासे कापत होतीस. अस्वल काही डब्यात बसून येत नाही, उलू. चल, उचल."

तो वाईट हेतूने हसला नाही, मित्रांनो. मी त्याच्या छातीवर एकोणीस वर्षे काढली होती. मुलीची काळजी करताना त्याचे काळीज कसे धडधडते ते मला ठाऊक होते. पण उल्यानाने त्यानंतर मनगटाचा विषय काढला नाही.

नदीवर जायच्या दोन दिवस आधी ती मला घेऊन एकटीच दुकानात गेली.

"दणका कमी असलेली दे. नेम लागला पाहिजे," ती म्हणाली.

ऑगस्टने खळग्याच्या टोकाची, हलकी काडतुसे पुढे केली. दुकानामागच्या उतारावर तिने सहा बार काढले. सहाही पत्र्याच्या डब्यात. कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आले.

मी काउंटरवर पडलो होतो आणि मला मागची फळी दिसत होती. तिथे तिसरे एक खोके होते. गोळी कडक शिशाचीच, बोथट तोंडाची, पण दारू बेताची. आत खोल जाणारी आणि तिच्या हाताला सोसणारी. ऑगस्टला वाटले, ही लारियनची मुलगी, हिला सगळे माहीत असणार. उल्यानाला वाटले, विचारले तर बापाच्या कानावर जाईल. मला तोंड नाही.

ऑगस्ट महिन्यातली ती दुपार होती. वारा झुडपांकडून आमच्याकडे वाहत होता, त्यामुळे झुडपातल्या अस्वलाला माणसांचा वास लागला नाही. लारियन काठी खांद्यावर घेऊन काठाने येत होता आणि वळणावरच एका मादीच्या अंगावर जाऊन धडकला. तिच्यामागे दोन पिल्ले होती. लारियनला ओरडायलाही अवसर मिळाला नाही; तिने त्याला खाली पाडले.

उल्याना दहा पावलांवर होती. तिने मला दोन्ही हातांनी धरले. खरे सांगतो, इतक्या स्थिर हातांत मी कधीच नव्हतो. सहापैकी पाच गोळ्या लागल्या. प्रत्येक गोळीला ती मादी हिसका खायची आणि पुन्हा लारियनवर वाकायची. पाचवीनंतर ती बाजूला झाली, पिल्लांकडे वळली आणि झुडपात गेली. ती तिथेच मेली, पण अर्ध्या तासाने. आम्हाला ती अर्ध्या मिनिटात थांबायला हवी होती.

उल्यानाने रेडिओवरून विमान बोलावले. खाडीवर धुके उतरले होते, पलीकडून आवाज आला, "थोडं थांबा, धुकं हटू दे." तिने बापाला तंबूत नेले. हाताशी होते नव्हते ते सारे कापड तिने त्याच्या पोटाभोवती बांधले.

"किती लागल्या?" लारियनने विचारले.

"पाच."

"पाच?" त्याने डोळे उघडले. "आणि हात हलला नाही?"

"नाही."

त्याने मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "माझ्या नव्हत्या त्या. माझ्या असत्या तर हात हलला असता."

उल्यानाने मान खाली घातली. "बदलल्या मी. दुकानात जाऊन."

"मला सांगायचं होतंस, पोरी."

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही हसलात."

नदीत मासे उड्या मारत होते, तेवढाच आवाज. मग त्याने अंगठा नसलेला हात तिच्या मनगटावर ठेवला.

"हो," तो म्हणाला. "हसलो खरा."

धुके हटले तेव्हा लारियन गेलेला होता.

खात्याच्या माणसांनी मादीचे शव उघडले. चार गोळ्या चरबीत आणि मांसात, फुलासारख्या उमललेल्या सापडल्या. एकच खोल गेली होती. पिल्लांचे काय झाले ते मला कळले नाही. कोणी सांगितलेही नाही.

गावच्या चर्चमध्ये चाळीस दिवस त्याच्या नावाने मेणबत्ती जळली. उल्यानाने नदी सोडली आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरले. मला तिने न पुसताच फडताळात ठेवले. समुद्राची खारट हवा आत यायची. आधी माझी चकाकी गेली, मग घोडा जाम झाला, मग चकरी. मला तिचा राग आला नाही. मला हातात घेतले की तिला काय दिसत असेल, ते मीही पाहिले होते.

दर वसंतात नदीवर जाणारी माणसे तिचे दार ठोठावायची. कुठली गोळी घ्यावी, हे तिच्याइतके कोणाला कळणार? पण ती दार लावून घ्यायची. असे बारा वसंत गेले. तेराव्या वर्षी अनिसिया नावाची एक बाई आली. तिला मोजणीचे काम नव्याने लागले होते. तिच्या हातात दोन खोकी होती, एक जड काडतुसांचे, एक हलक्यांचे. दार लागता लागता ती म्हणाली, "बरं, मग माझा भाऊ म्हणतो तेच घेते."

दार थांबले.

"आत ये," उल्याना म्हणाली.

अनिसियाने खोकी टेबलावर ठेवली. उल्यानाने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

"ते नंतर. आधी हात दाखव." तिने अनिसियाचे मनगट वळवले, दाबले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. "दुखतं?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती? खोटं बोलू नकोस. इथे तुझा भाऊ बसलेला नाही."

"खूप," अनिसिया म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

त्या दुपारी त्यांनी चहा घेतला, वाळवलेला मासा खाल्ला आणि मग दोघी दुकानात गेल्या. काय आणले ते परतल्यावर मी ऐकले. गोळी कडक शिशाची, दारू बेताची. अंगणात अनिसियाने तिच्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमधून सहा बार भराभर काढले. उल्याना मागून ओरडत होती, "घाई कर! ते तुझ्यासाठी थांबणार नाही!" शेवटी ती म्हणाली, "आणि बरोबर जो असेल, त्यालाही सांग तुझ्या चकरीत काय भरलंय ते. नक्की सांग."

मित्रांनो, मला आता तेल देऊन उपयोग नाही. माझे दिवस संपले. तुमच्या घरात कोणी रिव्हॉल्व्हर बाळगत नसेल. पण ओझे असतेच, कधी आईच्या डोक्यावर, कधी बहिणीच्या पाठीवर. त्यांच्यापैकी कोणी म्हणाले, "मला हे पेलत नाही," तर हातातले काम खाली ठेवा आणि ऐका. त्याला फार वेळ लागत नाही. आमच्याकडे तेवढाही कोणी दिला नाही.