सुट्टीच्या दिवशी अंथरायचा टेबलक्लॉथ

मी टेबलक्लॉथ बोलतोय. आता मला पाहिलंत तर म्हणाल, हा कसला टेबलक्लॉथ, हे तर इस्त्रीखालचं जाड फडकं! तुमचंही खरं आहे. पण मी जन्मलो तो चार माणसांच्या टेबलावर अंथरण्यासाठी, आणि तेही रोज नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी.

मला जन्म दिला या घराच्या आईने. ती शिवणकाम करते. एका गिऱ्हाइकाचे पडदे शिवून पांढरं कापड उरलं, तर गिऱ्हाईक म्हणालं, "ठेवा तुम्हालाच." तिने दोन तुकडे मधोमध जोडले, कडेला दुहेरी दुमड घातली आणि मी तयार झालो. माझ्या पोटावरची ती शिवण अजूनही अगदी सरळ आहे. वाकडं शिवणं तिच्या हाताला जमतच नाही.

घरात माणसं चार. आई, लिफ्ट दुरुस्त करणारे बाबा, थोरली आणि धाकटी. सुट्टी लागली की दोघी पोरी कंटाळून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. बाबांना तर सुट्टीच्या दिवशीही कुणी तरी कुठे तरी अडकल्याचे फोन यायचे. घर एका जागी बसावं म्हणून आईने ही टूम काढली. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या. सुट्टीच्या सकाळी एकीने चिठ्ठी काढायची आणि तिच्यात जे निघेल तसं संध्याकाळचं जेवण.

समुद्र निघाला की आई माझ्यावर निळ्या अस्तराच्या लाटा धावदोऱ्याने टाचायची. कुस्करलेल्या बटाट्यांची बेटं, उकडलेल्या अंड्यांच्या होड्या, त्यांना काकडीची शिडं. चंद्र निघाला की जेवण सगळं पांढरं आणि गोल. मग बाबा स्वयंपाकघरातून वाडगं घेऊन इतके हळूहळू तरंगत यायचे की सूप टेबलावर पोचेपर्यंत गारढोण. आगगाडी निघाली की थाळ्या एका ओळीत आणि बिनतिकिटाच्या प्रवाशाला भात नाही. धाकटी दर वेळी बिनतिकीट. जिन्नस सगळे रोजचेच हो! पण फ्लॉवर पाहून नाक मुरडणाऱ्या याच पोरी जंगलाच्या जेवणाला 'अजून दोन झाडं वाढ' म्हणायच्या.

खरं सांगतो, मला गर्व झाला होता. शेजारच्या घरातल्या टेबलावर फुलाफुलांचं प्लॅस्टिक होतं, त्याची मी मनातल्या मनात कीव करायचो.

नियम एकच होता, पण कडक. मला अंथरलं की सोंग सुरू, उचललं की संपलं. मधेच कुणी सोंग सोडलं तर सगळी भांडी त्याने घासायची. धाकटी मोठी लबाड. अंगाशी आलं की "नाही, खरंच!" म्हणून निसटायची. शेवटी आईने जाहीर केलं, "या टेबलावर 'खरंच' म्हणायचं नाही. म्हटलं की भांडी!" सगळे हसले. आपण काय बंद करतोय हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

थोरली तेरा वर्षांची होती त्या वर्षी चिठ्ठीत दवाखाना निघाला.

आई दिवसभर खपली. माझ्या चारी कडांना बँडेजच्या पट्ट्या टाचल्या. औषधाच्या धुतलेल्या बाटल्यांत सूप भरलं, मटारच्या गोळ्या मोजून ठेवल्या, भाताच्या मुदीला अंड्याच्या पोळीचं प्लास्टर घातलं. आई डॉक्टर झाली. बाबा कानावर पेन्सिल लावून कंपाउंडर, धाकटी नर्स आणि थोरली पेशंट.

थोरली आली ती वाकूनच. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! याला म्हणतात पेशंट!"

"काय होतंय?" आईने घोगरा आवाज काढून विचारलं.

"पोटात दुखतंय."

"जीभ दाखवा. हं. आगाऊपणा जास्त झालाय. कंपाउंडर, चार हिरव्या गोळ्या, दर दोन मिनिटांनी!"

सगळे असे हसले की टेबल हललं. पण टेबलाखाली थोरलीने माझी कड मुठीत धरली होती. लोकांनी मला हात पुसलेत, खेळता खेळता गाठी मारल्यात, पण तसं मला कुणीच कधी धरलं नव्हतं. दुमडीचे चार टाके तटातट तुटले. तेव्हाच मला कळलं, हे सोंग नाही. पण मी पडलो कापड. एखादा पेला कलंडवता आला असता तरी सगळे उठले असते. तेवढंही मला जमलं नाही, आणि याची खंत मला आजही खाते.

"आई," ती हळूच म्हणाली, "खरंच दुखतंय."

मग धाकटी खुर्चीवर चढून ओरडली, "खरंच म्हणाली! खरंच म्हणाली! भांडी हिच्याकडे!"

बाबा हसून लोटपोट झाले. आई डॉक्टरच राहिली. "नियम म्हणजे नियम. दोन थाळ्या घासल्या की कसलंही दुखणं पळतं."

आणि ती पोर उठली हो! मुकाट्याने थाळ्या गोळा केल्या, नळ सोडला. तिसरी थाळी घासताना नळाखालीच मटकन खाली बसली आणि तिला उठता येईना. मग मात्र आईने जी किंकाळी फोडली, ती डॉक्टरच्या आवाजातली नव्हती.

अपेंडिक्स फुटलं होतं. पोर वाचली, तुम्ही घाबरू नका. पण तीन आठवडे खऱ्या दवाखान्यात होती. तेवढे दिवस मी टेबलावर तसाच पडून होतो. सूप वाळून कडक झालं, मटार सुरकुतले. घरात कपडे बदलायला येणारं माणूस माझ्याकडे न बघता जायचं. शेवटी बाबांनी मला उचललं, आईने बँडेज उसवून मला धुतलं, आणि बिस्किटांचा डबा चिठ्ठ्यांसकट रद्दीत गेला.

पुढच्या सुट्टीला साध्या ताटांत साधं जेवण आलं. थोरलीने रिकाम्या टेबलावरून हात फिरवला. "आज काही नाही?"

"नाही," आई म्हणाली. त्या एका शब्दाने सगळं संपलं.

माझी रवानगी इस्त्रीच्या टेबलावर झाली. चार घड्या घालून खाली मी, वर जुनी चादर. खाली मी आहे हे आईशिवाय कुणालाच माहीत नाही. पण इस्त्री करताना माणसं मनातलं बोलतात बरं का! एकदा थोरली शाळेचा ड्रेस इस्त्री करताना धाकटीला म्हणाली, "मी गप्प बसायला हवं होतं गं. आई दिवसभर राबली होती. मी नियम मोडला आणि आईने सगळंच बंद केलं. तिचं मनच उडालं." आणि त्याच आठवड्यात आई बाबांना सांगत होती, "अहो, कुठल्या तोंडाने अंथरू? पोर दुखतंय म्हणाली आणि मी तिला भांडी घासायला लावली. तो टेबलक्लॉथ दिसला तरी तिच्या पोटात कळ उठेल."

"एकदा विचारून तर बघ," बाबा म्हणाले.

"नको. खपली काढायची नाही."

दोघींच्या मधे एवढा एक गैरसमज, आणि तो माहीत असलेला मी एकटाच. सतरा वर्षं माझ्या पाठीवरून गरम इस्त्री फिरतेय, पण तिचा चटका या गोष्टीएवढा लागत नाही. माणसांचं मला नवल वाटतं. दुसऱ्याचं मन दुखेल म्हणून गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यानेच ते दुखवतात.

आज थोरली आलीय, तिच्या सहा वर्षांच्या लेकीला घेऊन. आई इस्त्री करत होती. थोरलीने उगाच टेबलावरचा एक कपडा उचलला, पुन्हा ठेवला आणि मग म्हणाली, "आई, आपला तो टेबलक्लॉथ आहे का गं? हिला सुट्टी लागतेय. करावं म्हणते तसलं जेवण."

आईचा हात थांबला. अगदी माझ्यावरच. मला वाटलं, आता चादर निघणार.

"तो होय?" आई मान वर न करता म्हणाली. "फाटला केव्हाच."

"असू दे," थोरली म्हणाली. "सहज विचारलं."

आता ती दाराशी बसून लेकीच्या बुटांच्या नाड्या बांधतेय. पोर विचारतेय, "आजी आपल्यावर रागावली?"

"तुझ्यावर नाही गं. माझ्यावर आहे थोडी, फार जुनी गोष्ट आहे."

बाई, इस्त्रीच्या फुसफुसाटात तुला हे ऐकू आलं नसेल. मला आलं. मी फाटलेलो नाही, चार टाके तेवढे तुटलेत आणि ते घालायला तुला पाच मिनिटंही लागणार नाहीत. इस्त्री बंद कर आणि हाक मार तिला. दुसरी नाडी बांधून होत आलीय.