सूर्यदेवाच्या पायांवरचं सिमेंट

डब्याची कडी टण्‌कन आपटली आणि दुपारची शांतता मोडली. झोपेतल्या मुक्ताने कूस बदलली. सुलक्षणाने पेन्सिल ठेवून लेकीला थोपटलं आणि माजघरात डोकावून पाहिलं. सासरे, भाईदास आबा, ऑइलपेंटचे डबे भिंतीशी मांडत होते. सोनेरी, लाल, आकाशी. परवा रथसप्तमी. उद्या सकाळी पेंटर वना येणार आणि गावच्या सूर्यमंदिराला आतबाहेर रंग चढणार, असं पंचांनी ठरवलं होतं. पंचांत शेवटचा शब्द आबांचा.

सोनगीरजवळच्या या गावात लग्न होऊन आल्यापासून सुलक्षणाचं त्या देवळाशी सूत जमलं होतं. धरणगावला माहेरी असताना तिने चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली होती. नोकरीचं काही जमायच्या आत मुक्ता झाली. आता लेक झोपली की तासभर वही घेऊन ती देवळात जायची. सासूबाई नातीपाशी बसायच्या आणि न चुकता म्हणायच्या, की आमच्या सुनेशी दगडातली माणसंच जास्त बोलतात.

बोलायचीच ती. आठशे वर्षांचा काळा दगड, चुन्याचं बोट न लावता खाचेत खाच बसवून रचलेला. छताला उलटं उमललेलं कमळ. गाभाऱ्यात देव उभा, दोन्ही हातांतली कमळं खांद्याशी फुललेली, पायथ्याला सात घोडे. त्यातला कडेचा एक मान वळवून मागे बघणारा. तो तिने अकरा वेळा काढला होता. देवाच्या पायांशी मात्र पेन्सिल अडायची. गुडघ्याखाली सिमेंटचे नुसते दोन ठोकळे. शेजारी कोरलेल्या सेवकांच्या पायांचंही तेच. पाय झिजले होते म्हणून भरून काढले, असं गाव म्हणे.

गेल्या महिन्यात एका सेवकाच्या पावलावरून सिमेंटचा टवका उडाला. आत तिला बोटं दिसली नाहीत, जोड्याचं टोक दिसलं.

आज तिने ते आबांना सांगितलं. पूर्वीचे कारागीर सूर्याला गुडघ्यापर्यंत बूट घालत, हे ती कॉलेजात शिकली होती. सिमेंटखाली ते असणार. वरून रंग बसला की ते कायमचे बुजतील, आणि बाकीचं कोरीवकामही.

आबांनी डबा खाली ठेवला. “देवना पायमा जोडा? आपण बाहेर काढतस, आन देव गाभारामा घालीसन उभा?” मग आवाज उतरला. “ते सिमेंट मन्हा बापनी लायेल शे. तो काय येडा व्हता?”

सुलक्षणाला उमगलं. अडचण देवाच्या पायांची नव्हतीच, गेलेल्या माणसाच्या शहाणपणाची होती. त्याच्याशी वाद घालून भागणार नव्हतं. दाखवावं लागणार होतं.

सकाळी देवळापाशी पंच जमले होते. वना ब्रश भिजवून तयार होता. देवाच्या पायांना बोटं काढायची का नुसता सपाट रंग मारायचा, एवढं सांगा, म्हणाला. पलीकडच्या गावातला दुसरा देव खोळंबलाय. तेवढ्यात सुलक्षणा आली. एका हाताला मुक्ता, दुसऱ्या हातात पातळ कागद आणि मुक्ताचा तेलखडू.

“वनाभाऊ, दहा मिनिटं शिडी द्या.”

वनाने आबांकडे पाहिलं. आबांनी अडवलं नाही, म्हणून त्याने शिडी दिली. तिने ती मागच्या भिंतीला लावली, पदर खोचला आणि चढली. खाली कुणीतरी म्हणालं, आता भाईदासची सून कळसच गाठणार. तिने मागे पाहिलं नाही.

तिथे वर, कुणाचा हात पोचत नाही अशा कोनाड्यात, हातभर उंचीचा आणखी एक सूर्य होता. खालून त्याच्या हातांतली कमळं तेवढी ओळखू येत, पाय दिसत नसत. तिने कागद दगडावर दाबून धरला आणि वरून खडू घासायला लागली. आधी कमळं उमटली, मग कमरपट्टा, मग गुडघे. त्याखाली नडगीवरची मण्यांची ओळ, आणि जोड्याचं निमुळतं टोक.

खाली उतरून तिने कागद आबांच्या हातात दिला. आबांनी तो उन्हात धरला.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “तुमचे वडील देवळात कधी जोडा घालून शिरले नाहीत. देवही तसाच असावा, असं त्यांना वाटलं. त्यांची भक्ती खरी होती. पण घडवणारासुद्धा चुकला नव्हता.”

आबांनी कागदाची नीट घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवली.

“बापनी लायं, ते पोऱ्याच काढी,” म्हणाले. वनाला त्यांनी सांगितलं, की देवळाला ब्रश लावू नको, रंग कुंपणाच्या फाटकाला मार. सोनेरी मारलास तरी चालेल.

मग घरून बांबूच्या पाचरी आणल्या. लोखंड लावायचं नाही, हे सुलक्षणाने बजावलं होतं. पण फारसा जोर लागलाच नाही. पिढ्यान्‌पिढ्या देवाला घातलेलं तेल दगडावर साचलं होतं. त्यावर सिमेंटने कधी पकडच घेतली नव्हती. आबा पाचर सरकवत गेले आणि भुईमुगाचं टरफल निघावं तसं ते सुटत गेलं. आतले बूट काल कोरल्यासारखे होते. मण्यांच्या ओळी, नडगीवरची वेल, बारीक टाचा. इतकी वर्षं ते आबांच्या बापानेच जपले होते. आबांनी त्या बुटांवर डोकं टेकवलं. सुलक्षणाने डोळे पुसले आणि वही उघडली.

मुक्ता उकिडवी बसून नक्षीवरून बोट फिरवत होती.

“आई, हे कुणी केलं?”

“एका माणसाने. छिन्नी-हातोडीने. कितीतरी दिवस, असंच देवाच्या पायाशी बसून.”

मुक्ताने बुटांकडे पाहिलं, मग आजोबांच्या भेगाळलेल्या टाचांकडे.

“मग त्या माणसाच्या पायात होते का बूट?”