पाचवा नमुना

ताई गेली त्याला तीन आठवडे झाले होते, तेव्हा पाचवा नमुना पॉलिश होऊन वर आला. मिस्त्रींनी खुर्ची नमुन्यांच्या खोलीत मधोमध ठेवली, तिच्यावरचा कागद काढला आणि दाराशी उभे राहिले. ते जात का नाहीत ते मला कळत होतं. आमच्याकडे ताईनं बसून पाहिल्याशिवाय कुठलीही खुर्ची पुढे जात नसे, आणि गुरुवारी हॉटेलवाल्यांची खरेदी बघणारी बाई यायची होती.

"कोण बसणार मॅडम?" मिस्त्रींनी विचारलं.

"बघू," मी म्हटलं.

त्या दिवसांत मी सगळ्यालाच 'बघू' म्हणत होते. रडू येत नव्हतं. लोक भेटायला येत, माझ्या तोंडाकडे बघत बसत, आणि मी त्यांना नव्या कापडाचे रंग दाखवी. एका मावशीनं तर 'दगड आहेस अगदी' असं तोंडावर सुनावलं. मला रागसुद्धा आला नाही. एरवी मी उठसूट चिडते. भूक लागली की जेवत होते, रात्री झोप लागत होती, कुठल्या मागावर किती कापड झालंय ते न बघता सांगता येत होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग गाल आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

आमच्या खुर्च्या महाग आहेत. लोक किंमत ऐकून आधी हसतात, मग बसतात, मग हसत नाहीत. बारा वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून हे सुरू केलं तेव्हा दोन खोल्या होत्या, एक मिस्त्री आणि एक माग. आता आठ माग आहेत, चाळीस माणसं आहेत, आणि पुढच्या बाजूला काचेचं दालन आहे, तिथे गिऱ्हाईक उगीचच हळू आवाजात बोलतं. हे सगळं मी उभं केलं असं मी मुलाखतींत सांगते. खरं तर निम्मं ताईनं बसून केलं.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. खुर्ची ज्यानं काढली त्याला तिच्यात बसता येत नाही. मी बसले की मला पाठीचा कोन दिसतो, शिवण दिसते, बुडाखाली काय चाललंय ते कळत नाही. अगदी पहिल्या खुर्चीच्या वेळी ताई सहज आली होती. तेव्हा ती एका वाचनालयात होती. खुर्चीत बसली, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं काढलं, चाळीस मिनिटं हूं का चूं केलं नाही, आणि उठून म्हणाली, "दिसते छान गं. पण ही मला हाकलतेय." मिस्त्रींनी मोजलं तर मागचा पाय तीन सूत जास्त होता, म्हणजे पाऊण बोटसुद्धा नाही. मी तिला तिथल्या तिथे नोकरी दिली. नातेवाईक विचारायचे, हल्ली काय करतेस? ती म्हणायची, "बसून खाते." आणि स्वतःच हसायची.

मी कुणाचं ऐकत नाही. ही माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण ताई बसून उठली की जे बोलेल ते मी वहीत शब्दाला शब्द उतरवून घ्यायची, वाद न घालता. त्याचा मला अभिमान होता.

ही खुर्ची हॉटेलच्या वाचनखोल्यांसाठी होती. दोनशे चाळीस नग. आजवर एका जातीच्या तीसपेक्षा जास्त खुर्च्या आम्ही केल्या नव्हत्या. हे काम मिळालं तर मागांसाठी वेगळी शेड, विणणाऱ्या बायकांना कायमची नोकरी, असं मी सगळ्यांना सांगून बसले होते.

मंगळवारी त्या बाईच्या ऑफिसमधून फोन आला. ही खुर्ची कशी घडली त्याचं एक पान लिहून ठेवा, म्हणाले. लोकांना हल्ली खुर्चीबरोबर गोष्ट लागते. मी ताईची वही घेऊन नमुन्यांच्या खोलीत गेले आणि मापं ताडून बघायला मिस्त्रींना बोलावलं. मी वाचत होते, ते मोजपट्टी लावत होते.

पहिला नमुना माझा होता. बुटका, खोल, बैठक साडेपंधरा इंच, वर जाड गाठींचं लोकरी कापड. पुढे वहीत ताई होती. 'उंच कर, इंचभर तरी.' दुसऱ्याला: 'अजून उंच. आणि खुर्चीचे हात पुढे आण, गुडघ्यापर्यंत.' तिसऱ्याला: 'हातांची टोकं मुठीत मावली पाहिजेत. कापड धरून ठेवतंय, सरकता आलं पाहिजे.' त्यासाठी मी ते लोकरी कापड रद्द करून गुळगुळीत विणीचं कापड घेतलं होतं, आणि विणणाऱ्या बायका दोन महिने माझ्या नावानं बोटं मोडत होत्या. चौथ्याला: 'फोम कडक घाल, रुतायला होतं. पाठ उभी कर.' आता बैठक एकोणीस इंचांवर आली होती.

समासात मी दर वेळी ती किती वेळ बसली तेही लिहीत असे. पहिल्याला चाळीस मिनिटं. दुसऱ्याला पस्तीस. तिसऱ्याला वीस. चौथ्याला बारा. ते लिहिताना मला काय वाटलं होतं तेही आठवलं. आता तिचा हात बसलाय, लवकर कळतं तिला, असं मला वाटलं होतं.

"बरोबर आहेत सगळी मापं," मिस्त्री पट्टी गुंडाळत म्हणाले. "खुर्ची चांगली झाली. ताईंना मिळाली नाही, एवढंच."

"मिळाली नाही म्हणजे?"

"त्यांच्यासाठीच ना बदलत होतो आपण? त्यांना उठवत नव्हतं मॅडम. दुसऱ्या नमुन्याला मी इथेच होतो. दोन्ही हातांवर भार टाकून उठल्या, आणि उठल्यावर जरा वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं तुम्ही बघताय. तसतसं माप वाढवताय. म्हणून तर चौथ्यापासून हातांच्या आतून लोखंडी पट्टी घातली मी. सगळा भार आला तरी हलू नये म्हणून."

मी खाली वाकून हाताच्या आतल्या बाजूला बोटं घातली. पट्टी होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही त्रास? उठता-बसता कंबरेत, पाठीत दुखायचं का? भावोजींनी तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं होतं. "नाही हो. मी रोज बरोबर असते तिच्या. मला कळलं असतं." पोटातला रोग तोवर मणक्यात पोचला होता. सहा महिने आधी आला असतात तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं होतं. त्यानंतर ताई अकरा आठवडे जगली.

"ही खोला," मी मिस्त्रींना म्हटलं.

"काय?"

"ही खुर्ची खोला. माळ्यावरून पहिला नमुना काढा. गुरुवारी तो दाखवू."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत त्यांनी मला उलटून उत्तर दिलेलं नव्हतं. "पहिली मी पंधरा दिवसांत केली होती," ते म्हणाले. "ही करायला वर्ष गेलं. मी नाही खोलणार. खोलायची तर तुम्ही खोला." आणि ते खाली निघून गेले.

मी खोलली नाही. काहीच केलं नाही. त्या बाईसाठी पान लिहायला घेतलं. 'शरीराच्या बारीक गरजांचा सखोल अभ्यास' असं लिहिलं, आणि पुढच्या वाक्याला लागले.

बुधवारी दुपारी भावोजींकडे गेले. ते स्वयंपाकघरात उभं राहून कपबशा पुसत होते, पुसलेल्याच पुन्हा. मी बसायच्या आधीच विचारलं, "भावोजी, ती घरी कशी उठायची?"

"मी उठवायचो. काखेत हात घालून."

"कधीपासून?"

ते आठवू लागले. "तुझी दुसरी खुर्ची चालली होती बघ. तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"नको म्हणाली. शहाणीला कळलं तर ती खुर्ची थांबवेल, म्हणाली." शहाणी म्हणजे मी, लहानपणापासून. "मी म्हटलं डॉक्टरकडे चल. तर म्हणे, एवढी खुर्ची पास होऊ दे, मग जाऊ, पळून चाललेत का डॉक्टर. मला वाटलं, खुर्ची ती काय, होईल पंधरा दिवसांत." त्यांनी कपबशी फडताळात ठेवली. "मग तू तिसरी काढलीस. मग चौथी."

त्यांच्या आवाजात दोष नव्हता. ते मला तारखा सांगत होते. चहा घेतेस का, असंही त्यांनी त्याच आवाजात विचारलं.

तिसऱ्या नमुन्याच्या दिवशी ताई म्हणाली होती, "आता चालेल गं." हे वहीत नाही. मी उतरवलंच नाही, कारण मला ते आवडलं नव्हतं. मी तिच्यावर ओरडले होते, "चालेल म्हणजे काय? चालतील अशा खुर्च्या बाजारात ढिगानं पडल्यात. नीट बसून सांग." ती पुन्हा बसली आणि तिनं मुठीचं सांगितलं, सरकण्याचं सांगितलं. त्या दिवशी मी गप्प बसले असते तर खुर्ची पास झाली असती आणि दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली असती. हे मी भावोजींना सांगितलं नाही. चहा प्यायले, साखर जास्त झाली होती, तरी प्यायले.

गुरुवारी सकाळी मी माळ्यावरून पहिला नमुना उतरवून घेतला आणि दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या. कुठली द्यायची हे मी ठरवलं नव्हतं. ताई जिच्यासाठी थांबली ती खुर्ची मोडून टाकणं बरं दिसत नव्हतं, आणि तिचं दुखणं माझ्या कंपनीच्या नावानं दोनशे चाळीस वेळा विकणंही बरं दिसत नव्हतं. मला दोन्हीचं काही वाटत नव्हतं, हे तर त्याहून वाईट होतं.

खरेदी बघणाऱ्या बाई पंचावन्नच्या आसपासच्या होत्या. पायात सपाट बूट, बोलणं तुटक. मला बऱ्या वाटल्या. आधी बुटक्या खुर्चीत बसल्या आणि "वा!" म्हणाल्या. उठायला मात्र त्यांना टेबलाचा कोपरा धरावा लागला, आणि त्या ओशाळून हसल्या. मग पाचव्या नमुन्यात बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. हातांची टोकं मुठीत धरून पाहिली.

"गुडघ्यांना कळलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मानलं पाहिजे मॅडम. एवढं बारीक कुणाच्या लक्षात येतं हो?"

लिहिलेलं पान माझ्या हातात होतं. ते त्यांना दिलं की काम झालं असतं.

"माझ्या लक्षात आलं नाही," मी म्हटलं. "माझी बहीण आमच्या खुर्च्या बसून बघायची. ती आजारी होती. ती सांगत गेली आणि मी लिहून घेत गेले. मला वाटलं ती खुर्चीबद्दल बोलतेय."

मिस्त्री दारात होते. त्यांनी मान खाली घातली.

"आता कशा आहेत?" बाईंनी विचारलं.

"गेली. तीन आठवडे झाले."

"आणि ही खुर्ची?"

"ही आली तेव्हा ती नव्हती."

बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. या वेळी त्यांनी काही तपासलं नाही, नुसत्या बसून राहिल्या, खिडकीकडे बघत. मी हातातल्या पानाची घडी घातली. बऱ्याच वेळानं त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हीच द्या. आणि हिच्यात काहीही बदलू नका. आमचा कुणी सांगायला आला तरी बदलू नका."

त्या गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "लाकूड बघायला लागेल आजपासूनच," आणि लगबगीनं खाली गेले. थोड्या वेळानं खालून मागावरच्या बायकांचा गलका ऐकू आला. मी खिडकीशी उभी राहिले. एक मोठं काम मिळालं, एवढंच मला कळत होतं. मग मी भावोजींना फोन लावला, कारण त्यांना सांगायला हवं होतं.

"भावोजी, खुर्ची पास झाली."

"कुठली? ती?"

"तीच."

"झाली? झाली का एकदाची!" त्यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. "थांब हं, सांगतो तिला."

चपलांची दोन-तीन पावलं ऐकू आली, आतल्या खोलीच्या दिशेनं. मग ती थांबली.

त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि ते त्या दारात तसेच उभे आहेत हे मला कळत होतं. फोन दोघांनीही ठेवला नाही. तेव्हा मला दुखलं. इतकं दुखलं की मी खाली फरशीवर बसले.